पाणी कोणाच्या नांवावर?

(कृष्णाकांठच्या एका गांवीं, पाणीवापर संस्था स्थापन करण्यासाठीं भरलेल्या शेतकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



मला येथें बोलावलें तें आभाराचे दोन शब्द बोलून खालीं बसण्यासाठीं, हें मला ठाऊक आहे. सभेचें काम असें ठरलें आहे कीं, साहेबांनीं आणलेल्या कागदावर सर्वांनीं सह्या कराव्या, सही येत नसेल त्यानें अंगठा उठवावा, आणि चहा घेऊन आपापल्या घरीं जावें. चहाची मला घाई नाहीं. आपल्या बापजाद्यांनीं न वाचतां अंगठे उठविले आणि त्याचीं फळें आपण चार पिढ्या चाखलीं. म्हणून सही करण्यापूर्वीं एक घटका मला द्या. मी एकच प्रश्न विचारणार आहें: हें पाणी कोणाच्या नांवावर आहे?

जमीन कोणाची म्हणून विचारलें तर तुम्ही सातबाऱ्याचा उतारा पुढें कराल. विहीर असली तर तिची नोंद त्यावर सांपडेल. बांधावरचें झाड असलें तर त्याचीही सांपडेल. पण गांवाच्या कुशीवरून वाहणारी ही कृष्णामाई कोणाच्या उताऱ्यावर आहे? १८७९ सालीं मुंबईचा पाटबंधारे कायदा झाला. तो जाऊन १९७६ सालीं महाराष्ट्राचा पाटबंधारे कायदा आला. मध्यंतरीं इंग्रजांचें राज्य गेलें, आपलें आलें. पण एक गोष्ट दोन्ही कायद्यांत तशीच राहिली. नदीचें पाणी वापरावयाचा अधिकार सरकारचा. बाकीच्यांना जें मिळतें तें परवानगीनें. आपण ज्याला आपला हक्क म्हणतों तो कायद्याच्या भाषेंत बहुतेक वेळां नुसती मंजुरी असते. आणि मंजुरी म्हटली कीं अर्ज आला, अर्ज आला कीं कारकून आला, आणि कारकून आला कीं पुढें काय येतें तें तुम्हांला सांगावयास नको.

ही मंजुरी वरून खालीं कशी उतरते तें पाहा. कृष्णेचें पाणी महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र यांनीं कसें वांटून घ्यावें हा तंटा १९६९ सालीं न्यायमूर्ति बचावत यांच्या लवादापुढें गेला आणि १९७३ सालीं त्याचा निवाडा झाला. शंभर वर्षांपैकीं पंचाहत्तर वर्षें निदान एवढें पाणी येईलच, असा हिशोब धरून २,०६० टीएमसी पाणी वांटणीस घेतलें. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. त्यांतून महाराष्ट्रास ५६०, कर्नाटकास ७०० आणि आंध्रास ८००. ३१ मे २००० नंतर या वांटणीचा फेरविचार होऊं शकेल असेंही त्यांत होतें. म्हणजे त्या तारखेच्या आंत ज्यानें पाणी अडविलें त्याचें फावणार. म्हणून १९९६ सालीं आपल्या सरकारनें कृष्णा खोऱ्यासाठीं महामंडळ काढलें, कर्जरोखे काढून पैसा उभा केला, आणि गांवोगांव नारळ फुटले. नारळ फुटले तितक्या ठिकाणीं पाणी फुटलें असतें तर आजची ही सभा भरवावी लागली नसती.

बरें, आपल्या वांट्यास आलेलें पाणी तरी सगळें या खोऱ्यांत राहतें काय? कोयनेचें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून पलीकडे कोंकणांत उतरवून त्यावर वीज करतात. त्यासाठीं वर्षाला ६७.५ टीएमसी पाण्याची मुभा त्या निवाड्यांतच आहे. त्याच्याही आधीं टाटांच्या धरणांनीं भीमेच्या खोऱ्यांतील पाणी पश्चिमेकडे वळविलें. त्यांपैकीं मुळशीच्या धरणाखालीं आपल्या जमिनी बुडूं नयेत म्हणून मावळ्यांनीं १९२१ सालीं सत्याग्रह केला, हें तुम्ही ऐकलें असेल. वीज नको असें मी म्हणत नाहीं. माझ्याही घरांत दिवा आहे. पण जत-आटपाडीच्या माणसांनीं उन्हाळाभर टँकरची वाट पाहावी आणि त्याच खोऱ्याचें पाणी डोंगर ओलांडून समुद्रास मिळावें, ही मंजुरी देतांना जतच्या माणसाला कोणी विचारलें होतें काय?

मग जें राहिलें तें धरणांत येतें. धरणांतून शहराला जातें, कारखान्याला जातें, कालव्याला जातें. २००३ सालच्या जलनीतींत पिण्याच्या पाण्याखालोखाल कारखानदारांना पाट मांडला होता आणि शेतकरी तिसऱ्या पंगतीला बसविला होता. २०११ सालीं ओरड झाल्यावर शेतकरी दुसऱ्या पंगतीला आला. पण त्याच सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, कोणाला किती वाढावयाचें तें ठरविण्याचा अधिकार जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाकडून निघून मंत्रिमंडळाच्या हातीं गेला. पंगत बदलली आणि वाढपीही बदलला.

कालव्यांतून वितरिकेंत, वितरिकेंतून चारींत, चारींतून पोटचारींत, असें पाणी शेवटीं तुमच्या बांधाशीं येतें; म्हणजे येईल असें नकाशांत दाखविलेलें असतें. येथें तुमचा सात नंबरचा अर्ज लागतो. या कागदाविषयीं मला घरची एक गोष्ट सांगावयाची आहे.

आमचें रान चारीच्या अगदीं शेपटाला. माझे वडील दरसाल सात नंबरचा अर्ज न चुकतां भरीत. नियम असा आहे कीं पाळी शेपटापासून सुरू व्हावी आणि एकेक शेत भिजवीत मुखाकडे यावी; हीच शेजपाळी. हा नियम मीं माझ्या वयाच्या चाळिसाव्या वर्षीं पुस्तकांत वाचला. तोंपर्यंत वरच्यांचें झाल्यावर उरलें तर खालच्यांना देणें हाच सरकारी नियम, अशी माझी प्रामाणिक समजूत होती! एका रब्बीला पाळी सुटल्याचें कळलें आणि वडील घोंगडी व कंदील घेऊन दारें धरण्यासाठीं तीन रात्री बांधावर बसले. तिसऱ्या रात्रीं चारीच्या तळाला ओल आली. पाणी नव्हे, ओल. उजाडल्यावर ते चारीच्या कडेनें वर चालत गेले तेव्हां तीन ठिकाणीं चारी फोडलेली आणि दोन्ही अंगांचा ऊस गुडघाभर पाण्यांत उभा. आमचा शाळू पोटऱ्यांतच वाळला. आणि उन्हाळ्यांत पाणीपट्टीची चिठ्ठी घरीं आली, कारण कागदोपत्रीं आमचें रान भिजलें होतें! वडील कचेरींत गेले. तेथें त्यांना सांगण्यांत आलें कीं नोंद आहे त्याअर्थीं पाणी गेलेंच असलें पाहिजे. वडिलांनीं पट्टी भरली. मीं रागानें विचारलें, "आबा, न आलेल्या पाण्याची पट्टी कां भरली?" ते म्हणाले, "नाहीं भरली तर पुढल्या सालीं अर्ज घेणार नाहींत रे."

त्या पट्टीच्या बदल्यांत त्यांना पाणी मिळालें नाहीं. पुन्हां अर्ज करण्याचा हक्क तेवढा मिळाला.

हें दुखणें आजचें नाहीं. जोतीरावांनीं १८८३ सालीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत पाटबंधाऱ्यांच्या अंमलदारांचा समाचार घेतला आहे. पट्टी घ्यावयास हे पुढें आणि वेळेवर पाणी द्यावयास मागें, ही त्यांची तक्रार. आणि नुसती तक्रार करून ते थांबले नाहींत. ज्याच्या शेताला जेवढें लागेल तेवढेंच पाणी मिळावें म्हणून एकेक तोटी बसवून द्यावी, असा तोडगाही त्यांनीं सुचविला. पाणी मोजून द्या, एवढाच त्याचा अर्थ. मोजून देण्याचा कायदा झाला २००५ सालीं. मध्यें गेलीं १२२ वर्षें. पुढें कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९०७ च्या सुमारास भोगावतीवर राधानगरीचें धरण हातीं घेतलें. एका लहानशा संस्थानाची तिजोरी ती केवढी, आणि धरण केवढें! तें पुरें झालेलें पाहण्यास महाराज राहिले नाहींत. पण पंचगंगेच्या कांठीं पाऊस सरल्यावर बंधाऱ्याच्या खांबांमध्यें फळ्या घालून पाणी तुंबवावयाचें आणि तें उपसून रानांत न्यावयाचें, ही जी रीत आज सगळीकडे कोल्हापुरी बंधारा म्हणून ओळखली जाते, तिला बारमाही आधार मिळाला तो असल्या धरणांमुळेंच.

येथपर्यंत तुम्ही माना डोलावल्या. आतां जें सांगणार आहें त्याला डोलावाल कीं नाहीं, मला शंका आहे.

आमची चारी कोणी फोडली होती? गोऱ्या साहेबानें नव्हे. भटजीनें नव्हे, शेटजीनें नव्हे. आमच्याच भावकीच्या माणसांनीं. ज्यांच्या आजोबांनीं सत्यशोधकांचे जलसे पाहून सावकाराच्या दारांत ताठ मानेनें उभें राहण्यास शिकून घेतलें, त्यांचेच हे नातू. नदीच्या कांठाला ज्याची जमीन, त्याला उपसा परवाना मिळाला; ज्याला परवाना मिळाला, त्याला पंपाला वीज मिळाली; वीज मिळाली त्याचा ऊस झाला; ऊस झाला तो कारखान्याचा सभासद झाला; सभासद झाला तो पुढें संचालक झाला; आणि संचालकाची चारी फुटली तर पंचनामा कोण करणार? आपल्या राज्यांत पेरलेल्या शंभर एकरांत उसाचे जेमतेम पांचेक एकर. पण सिंचनाच्या पाण्याचा निम्म्याहून अधिक वांटा हा ऊस पितो. ऊस लावणारा माझा शत्रु नाहीं. त्यानें घर बांधलें, मुलें शिकविलीं, याचा मला आनंद आहे. पण त्याच्या मुलाची फी आमच्या वाळलेल्या शाळूंतून गेली आहे, एवढें त्यानें कबूल करावें.

याचें मूळ कशांत आहे? पाणी जमिनीला बांधलें आहे यांत. जमीन अधिक त्याला पाणी अधिक, जमीन नाहीं त्याला पाणी नाहीं. ज्या माणसांनीं टोपल्या वाहून कालवे खोदले, त्यांच्यापैकीं कित्येकांना त्या कालव्याच्या थेंबावर हक्क नाहीं, कारण त्यांचा उताराच नाहीं. पाण्यावर माणसाचा माणूस म्हणून हक्क आहे हें आपल्या देशांत मोठ्या कष्टानें सांगावें लागलें आहे. १९२३ सालीं रावबहादूर बोले यांनीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत ठराव आणून सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करविले. महाडच्या म्युनिसिपालिटीनें आपलें तळें खुलें केल्याचा ठरावही केला. ठराव दप्तरांत राहिला आणि तळें जसें होतें तसेंच राहिलें. २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकर हजारों माणसांसह चालत गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हां कोठें तो ठराव कागदावरून खालीं उतरला. आणि त्यानंतरही हायकोर्टाचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडलें. पाण्याचा हक्क लिहून मिळणें आणि पाणी मिळणें यांत किती अंतर असतें तें महाडास विचारा.

शेतीच्या पाण्यांत असा प्रयत्न कोणी केलाच नाहीं असें मात्र समजूं नका. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें विलासराव साळुंखे नांवाच्या इंजिनीअर गृहस्थांनीं पाणी पंचायत काढली. तिचे नियम ऐका. पाणी जमिनीच्या मापानें द्यावयाचें नाहीं, घरांतलीं माणसें मोजून द्यावयाचें. दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि घर कितीही मोठें असलें तरी अडीच एकरांच्या वर नाहीं. पन्नास एकरांचा धनी असला तरी तेवढेंच. ऊस लावावयाचा नाहीं. जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलें जावयाचें नाहीं. योजनेच्या खर्चाचा पांचवा हिस्सा पाणी घेणाऱ्यांनीं आपल्या खिशांतून घालावयाचा, म्हणजे मिंधेपण नाहीं. आणि ज्याला जमीन नाहीं त्यालाही वांटा. हें ऐकून आमच्याकडचे एक बागाइतदार मला म्हणाले, "जमीन नाहीं तो पाणी घेऊन काय करील, आंघोळ करील काय?" मीं म्हटलें, "तो तुमच्याकडे येईल. तुमची जमीन आणि त्याचें पाणी, अशी वांट्यानें शेती होईल. आणि आज तो तुमच्या दारीं रोजगार मागावयास येतो, तो उद्यां वांटेकरी म्हणून येईल." बागाइतदारांना नेमकें हेंच नको होतें.

आपल्याच जिल्ह्यांत खानापूर तालुक्यांत येरळेच्या कांठीं तांदुळवाडी-बलवडीच्या लोकांनीं बळीराजा धरण बांधलें तेंही याच जातीचें. येरळेची वाळू ठेकेदार उपसून नेत होते आणि वाळूबरोबर नदीचा ओलावाही चालला होता. लोकांनीं उपसा अडविला, आणि त्याच वाळूतील थोडी विकून धरणासाठीं पैसा उभा करण्याची हिकमत काढली. आपल्याच नदीवर आपल्याच पैशानें बांधावयाचें, तरी परवानगीसाठीं झगडावें लागलें. भूमिहीनासुद्धां प्रत्येक घराला पाण्याचा सारखा वांटा, हें त्यांनीं धरणाचा पाया घालण्यापूर्वीं ठरविलें होतें. पाणी आल्यावर ठरवूं म्हटलें असतें तर काय झालें असतें तें सांगावयास नको. पुढें १९९३ पासून आटपाडीस नागनाथअण्णा नायकवडींनीं दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा भरविल्या, त्यांतही सर्वांना सारखें पाणी हीच मागणी होती.

कोणी म्हणेल, हे सारे नव्या लोकांचे नवे विचार. तर मग जुनें पाहा. हें आपल्या खोऱ्याबाहेरचें आहे, तापीच्या खोऱ्यांतलें. खानदेशांत पांझरा नदीवर फड पद्धति पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. बंधाऱ्याखालची सगळी जमीन मोठमोठ्या फडांत पाडलेली. एका फडांत एका सालीं एकच पीक, आणि पुढल्या सालीं फेरपालट. बहुतेक शेतकऱ्यांची पट्टी प्रत्येक फडांत असते. म्हणून उसाचा फड ठरला कीं थोडा थोडा ऊस सर्वांचाच होतो, आणि पाणी कमी पडून एखादा फड पडीक ठेवावा लागला तर ती झळही सर्वांनाच लागते. पाणी देतो तो गांवानें नेमलेला पाटकरी; ज्याचें शेत त्यानें स्वतः दारें मोडावयाचें नाहीं. पाट उपसावयाची वेळ आली कीं घरटी माणूस हजर. यांत कोठेंही अर्ज नाहीं. शिकलेल्या माणसाला जें सुचलें नाहीं तें ज्यांना आपण अडाणी म्हणतों त्यांनीं करून ठेवलें होतें.

आतां समोरच्या कागदाकडे येतों. २००५ सालीं दोन कायदे झाले. एकानें प्राधिकरण नेमलें, दुसऱ्यानें शेतकऱ्यांच्या संस्थांकडे कालव्यांचा कारभार देण्याची सोय केली. या दुसऱ्या कायद्यांत चांगलें पुष्कळ आहे आणि तें मी लपविणार नाहीं. पाणी संस्थेला घनमापानें, मोजून मिळेल. कोणतें पीक घ्यावें हें तुम्ही ठरवाल. संचालक मंडळांत मुखाकडचे, मधले आणि शेपटाकडचे असे तिन्ही भागांचे लोक सारख्या संख्येनें असतील आणि अध्यक्षपद या भागांतून फिरत राहील. म्हणजे शेपटाच्या माणसाला निदान खुर्ची तरी मिळते. (पहिल्या कायद्यांत मात्र एक मौजेचें कलम घातलें होतें: ज्याला दोहोंहून अधिक मुलें, त्याला पाणीपट्टी दीडपट! कारखान्याच्या धन्याला मुलें किती, हें विचारण्याचें त्यांच्या मनांत आलें नाहीं.)

पण उणें काय तें पाहा. सभासद कोण होणार? लाभक्षेत्रांत ज्याच्या नांवावर जमीन तो. या सभेंत मागें बसलेल्या बायांपैकीं कितींचीं नांवें उताऱ्यावर आहेत? हात वर करा. चार. आणि रात्रीं-अपरात्रीं चिखलांत दारें मोडणाऱ्या कितीजणी आहेत? पाहा, हात मोजवत नाहींत. तर नवऱ्यांनो, कागदावर सही करण्यापूर्वीं तलाठ्याकडे जाऊन बायकोचें नांव आपल्या नांवाशेजारीं लावण्याचा अर्ज द्या. त्याला पाटबंधाऱ्याच्या साहेबाची मंजुरी लागत नाहीं. आणि ज्यांना जमीनच नाहीं त्यांच्याविषयीं कायदा गप्प आहे. पण आपण गप्प बसावें असें कायद्यांत लिहिलेलें नाहीं. ज्यांच्या जमिनी पडून आहेत त्यांनीं त्या वांट्यानें गांवच्या भूमिहीनांस द्याव्या आणि त्या रानाची पाळी आधीं सोडावी, एवढा ठराव ही सभा आजच करूं शकते.

दुसरें, मोजून पाणी देणार म्हणतात तर मोजण्याचें साधन कोठें आहे? कितीएक संस्थांच्या चाऱ्यांवर मोजमापाची पट्टी बसविली, रंग दिला, फोटो काढला आणि पहिल्याच पुरांत ती वाहून गेली. तरी पाणी किती दिलें याचे आंकडे दप्तरांत बिनचूक चालू आहेत! चारी संस्थेच्या ताब्यांत देण्यापूर्वीं साहेबांनीं आणि शेतकऱ्यांनीं मिळून तिची पाहणी करावयाची, मोडतोड असेल ती दुरुस्त करून द्यावयाची, असें कायद्यांतच आहे. फुटकी चारी आणि बिघडलेली दारें पदरांत घेऊन संस्था स्थापन केली तर उद्यां पाणी न आल्याचा दोष साहेबांचा राहणार नाहीं. तो तुमचा होईल. कारभार आपला, पट्टी वसूल करण्याचें काम आपलें, भावकींतलीं भांडणें आपलीं, आणि पाणी मात्र त्यांच्या मर्जीचें, असला कारभार मला नको.

साहेब येथें बसले आहेत आणि भले गृहस्थ आहेत. त्यांच्यावर माझा रोष नाहीं. पाहणी उद्यां सकाळीं ठेवली आहे असें त्यांनींच मला सांगितलें, आणि ती मुखाच्या दाराकडून, जेथें मोटार जाते तेथून, सुरू होणार असें कळतें. माझी या सभेला विनंती आहे कीं आज कोणीही सही करूं नये. उद्यां पाहणी शेपटापासून सुरू करावी, मोटार जात नसेल तर चालत जावें, आणि जेथें जेथें चारी फोडलेली दिसेल तेथें तेथें थांबून, ज्याच्या रानांत पाणी गेलें त्याच्यासमक्ष तिची नोंद करावी. सह्या मग शेवटच्या दारापाशीं बसून करूं. मी सकाळीं सात वाजतां तेथें येऊन उभा राहतों. ज्याचें रान सर्वांत खालीं आहे त्यानें तेवढी वाट दाखविण्यासाठीं माझ्याबरोबर यावें.